धुराचा हातबॉम्ब की आगीचा? एकाच डब्याला दोन नावं कशी?

पानगळ

नमस्कार मंडळी.

सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या पायदळाबद्दल मिळेल ते वाचतेय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे. ब्रिटिशांचा ७७ नंबरचा हातबॉम्ब घ्या. कागदोपत्री तो धुराचा. पोटात मात्र पांढरा फॉस्फरस. आणि फॉस्फरसचे हातबॉम्ब तळघरात, खंदकात, बंकरमध्ये टाकल्यावर आतल्या माणसांचं काय व्हायचं, त्याची वर्णनं वाचवत नाहीत. अमेरिकनांच्या एम १५ ची तीच कथा. बरं, त्याच अमेरिकनांकडे एएन-एम १४ नावाचा खास आग लावणारा हातबॉम्ब वेगळा आहे, आणि तो कुणा माणसावर फेकल्याचे उल्लेख मला जवळजवळ सापडतच नाहीत.

म्हणजे धुराचा तो माणसं जाळतो आणि आगीचा तो माणसांच्या वाटेला जात नाही. हे नक्की काय आहे? नाव ठेवणाऱ्यांनी मुद्दाम फसवलं, की त्यामागे काही पद्धत होती? आणि या दोन जाती वेगळ्या झाल्या कधी? जाणकारांनी जरा सुरुवातीपासून सांगावं. लांबलचक प्रतिसाद चालतील, मला घाई नाही.

शंभरनंबरी

तुम्हाला घाई नसली तरी उत्तर एका ओळीचं आहे. आग लावणाऱ्या शस्त्रांवर आंतरराष्ट्रीय करार आहे, धुरावर नाही. म्हणून सगळे 'धूर, धूर' म्हणतात. विषय संपला.

कोठारवाला

शंभरनंबरी, हे म्हणजे आधी कळस मग पाया. ७७ नंबर आला १९४३ साली. तुम्ही म्हणता तो करार १९८० चा. सदतीस वर्षांनी होणाऱ्या कराराला घाबरून कुणी डब्यावर नाव छापत नाही. कराराचा संबंध आहे, पण तो नंतरचा.

पानगळताई, माझी नोकरी दारूगोळ्याच्या कोठारात गेली. फेकणारा मी कधीच नव्हतो. मोजणारा, रचणारा, तारखा बघणारा आणि एखादी पेटी ओलसर दिसली की सगळ्यांना आधी बाहेर काढणारा. त्यामुळे हा इतिहास मी उलट्या टोकाने वाचतो. कुठलाही हातबॉम्ब दिसला की शत्रूचं काय होतं हे मी नंतर विचारतो. फेकेपर्यंत आपल्या माणसाचं काय होतं, हा माझा पहिला प्रश्न. आग आणि धूर या जातींपुरतं बोलायचं तर सगळी प्रगती याच एका प्रश्नापायी झाली, असं माझं मत आहे. शत्रूला जाळायची अक्कल माणसाला फार आधीपासून होती. स्वतः न जळता ते कसं करायचं, हे शिकायला हजार वर्षं लागली.

सुरुवातीपासून म्हणालात म्हणून सांगतो. बायझंटाईन आरमाराकडे सातव्या शतकात 'ग्रीक आग' आली, ती नळीतून फवारायची. मातीच्या मडक्यांतून पेटतं तेल फेकायची रीतही त्याच प्रदेशात रुळली, आणि अरब सैन्यांत तर नफ्त, म्हणजे पेटणारं खनिज तेल, फेकणाऱ्यांच्या वेगळ्या तुकड्या होत्या. ११६८ साली क्रूसेडर, म्हणजे युरोपातले ख्रिस्ती धर्मयोद्धे, कैरोवर चालून आले तेव्हा वजीर शावर याने शेजारचं फुस्तात शहर त्यांच्या हाती लागू नये म्हणून स्वतःच पेटवून दिलं. इतिहासकार मक्रिझी सांगतो की त्यासाठी नफ्तची २०,००० मडकी वापरली आणि आग ५४ दिवस धुमसत होती. आकडा फुगवलेला असेल, पण मडक्यांचा साठा किती मोठा असायचा ते त्यावरून कळतं. आता कोठारवाल्याच्या नजरेने बघा: हजारो मडकी, कच्ची माती, आत ज्वालाग्राही तेल. एक गळकं निघालं तर?

त्यावरची युक्ती ११९० साली पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अक्राच्या वेढ्यात दिसते. क्रूसेडरांचे लाकडी मनोरे तटाला भिडले होते. दमास्कसच्या एका तांबटाच्या मुलाने मिश्रण बनवलं. इब्न अल-अथीर लिहितो की आधी त्याने न पेटवलेली मडकी मारली. मनोऱ्यांवरचे लोक काहीच होत नाही म्हणून नाचू लागले, टिंगल करू लागले. सगळं लाकूड भिजल्यावर मग एकच पेटतं मडकं आलं. मारा यंत्राने केला होता, हाताने नाही, हे खरं. पण तेल वेगळं आणि ठिणगी वेगळी ठेवली, ही त्यातली शहाणी गोष्ट. पुढे साडेसातशे वर्षं ज्यांनी हे पाळलं त्यांचे हात शाबूत राहिले.

आणि ज्यांनी पाळलं नाही, त्यांची गोष्ट ऐका. जून १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य डंकर्कहून परतलं ते रणगाडाविरोधी तोफा फ्रान्समध्येच टाकून. जर्मन केव्हाही उतरतील अशी भीती. तेव्हा ओल्डबरीच्या अल्ब्राइट अँड विल्सन या फॉस्फरस बनवणाऱ्या कंपनीने एक बाटली पुढे केली. तीच पुढे ७६ नंबरची 'स्पेशल इन्सेंडियरी' झाली. अर्ध्या पाइंटची काचेची बाटली, सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच, आत पांढरा फॉस्फरस, बेंझिन, थोडं पाणी आणि एक रबराची पट्टी. पट्टी साठवणीत हळूहळू विरघळायची आणि द्रव चिकट व्हायचा. काडी नको, फ्यूज नको, पिन नको. काच फुटली की हवेनेच पेटायची.

म्हणजे बघा, ठिणगी आणि तेल पुन्हा एकाच भांड्यात! ऑगस्ट १९४१ पर्यंत अशा साठ लाखांवर बाटल्या बनल्या आणि बऱ्याचशा होमगार्डला, म्हणजे गावोगावच्या स्वयंसेवकांना मिळाल्या. सूचना अशी की घरात ठेवू नका, थंड जागी ठेवा, शक्यतो पाण्याखाली. लोकांनी त्या ओढ्यांत बुडवल्या, शेताच्या बांधात पुरल्या, पेटीची जागा एखाद-दुसऱ्याला ठाऊक. जर्मन आलेच नाहीत. माहीतगार माणसं गावं सोडून गेली, वारली. ब्रिटनमध्ये पाया खणताना अजून अशा पेट्या निघतात आणि निकामी करणाऱ्या पथकाला धावावं लागतं. साठ लाख वस्तू वाटायच्या आणि नोंदवही ठेवायची नाही, हे वाचून माझ्या पोटात गोळा येतो.

या बाटल्या लांब फेकता याव्यात म्हणून मेजर रॉबर्ट नॉर्थओव्हर यांनी एक नळकांडी तोफ बनवली. नॉर्थओव्हर प्रोजेक्टर. स्वस्त, दहा पौंडांच्या आत. अडचण एवढीच की झटक्याने बाटली कधीकधी नळीतच फुटायची. मग जाड काचेच्या बाटल्या निघाल्या. त्यांना हिरवं बूच, हाताने फेकायच्यांना लाल. घाईत, अंधारात, बुचाचा रंग बघून बाटली निवडायची म्हणे.

आता तुमचा ७७ नंबर. काच गेली, कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा आला. आत साधारण २२७ ग्रॅम फॉस्फरस. वर काळं बेकलाइटचं 'ऑलवेज' जातीचं फ्यूज. टोपण काढायचं, आत गुंडाळलेली फीत अंगठ्याने दाबून धरायची आणि फेकायचं. फितीच्या टोकाला शिशाचं वजन असतं. उडता उडता फीत सुटते, तिच्यासोबत खीळ निसटते, आणि मग डबा कसाही, कुठल्याही बाजूवर पडला तरी फुटतो. रणगाड्यावर, भिंतीवर, दगडावर. कल्पना झकास. पण फीत अर्धवट सुटलेला ७७ नंबर हातातून निसटला तर तो तुमच्या पायाशी पडतानाही तितक्याच इमानाने फुटणार. म्हणून पुढचा ८० नंबर आला तेव्हा आपटून फुटणारं फ्यूज काढून टाकलं आणि ब्रिटिशांच्या नेहमीच्या मिल्स हातबॉम्बसारखी पिन, तरफ आणि काही सेकंदांची सवड दिली.

अमेरिकनांचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या फॉस्फरसच्या हातबॉम्बला पिन, तरफ, चार-पाच सेकंद हे सगळं होतं. पण एम १५ चं वजन ८८० ग्रॅमच्या आसपास. नंतरचा एम ३४ थोडा हलका, ७६५ ग्रॅम. अमेरिकन प्रशिक्षण पुस्तिकेत लिहिलंय की सरासरी सैनिक एम ३४ साधारण ३० मीटर फेकतो. आणि त्याच पुस्तिकेत फॉस्फरस उडण्याची त्रिज्या दिली आहे ३५ मीटर. दोन आकडे पुन्हा वाचा. फेकणाऱ्याच्या हाताची पोच, हातबॉम्बच्या पोचेपेक्षा पाच मीटर कमी! पुस्तिका शांतपणे पुढे म्हणते की आपल्या सगळ्या माणसांनी आडोशाला असावं.

मग नाव धुराचं का? ताई, कोठारात दोन हिशेब असतात. यादीत वस्तू कुठल्या नावाखाली जाते ते तिच्या कामावरून ठरतं. पण ती रचायची कुठे आणि कशाशेजारी, ते तिच्या पोटात काय आहे त्यावरून ठरतं. फॉस्फरसचा डबा मागवला जायचा तो धुराचा पडदा धरण्यासाठी, म्हणून यादीत धूर. आजही संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत पांढऱ्या फॉस्फरसचा दारूगोळा दोन नावांनी आहे: क्रमांक ०२४३ वर 'आग लावणारा', ०२४५ वर 'धुराचा'. दोन्हींचा धोक्याचा वर्ग एकच, १.२ एच. हा एच गट फॉस्फरसवाल्यांचाच आहे, बाकीच्या धुराच्या मालाला जी गट मिळतो. नाव काहीही द्या, रखवालदार त्याला धुराच्या इतर डब्यांशेजारी ठेवू देत नाही. यात फसवणूक मला दिसत नाही. युद्धात मात्र सैनिकाने यादी वाचून हातबॉम्ब फेकला, असं कधी झालेलं नाही. पहिल्या महायुद्धातच फॉस्फरसचा हातबॉम्ब जमिनीखालच्या खोल्या रिकाम्या करायला वापरात आला होता. धुरासाठी मागवायचा आणि आगीसाठी वापरायचा, ही रीत तेव्हापासूनची.

रसायनी

कोठारवाला काका, प्रतिसाद जपून ठेवलाय. थोडी भर घालते.

फॉस्फरस धुरासाठी का आवडतो? पांढरा फॉस्फरस हवेत ३० अंश सेल्सियसच्या आसपास आपोआप पेटतो. म्हणून तो पाण्याखाली ठेवतात. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांडने सोनं शोधायला म्हणून मूत्र आटवलं आणि हाती हा अंधारात चमकणारा पदार्थ आला. जळला की त्याचं ऑक्साइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि फॉस्फरिक आम्लाच्या बारीक थेंबांचं दाट पांढरं धुकं होतं. बराचसा भार हवेतली वाफच पुरवते, म्हणून वजनाच्या मानाने धूर प्रचंड. शिवाय हातबॉम्ब फुटताक्षणी पडदा तयार, वाट बघायची नाही.

खोट अशी की तो फार तापतो. गरम धूर जमिनीलगत पसरायचा सोडून खांबासारखा वर चढतो, आणि मधल्या फटींतून सगळं दिसतं. म्हणून दुसरी वाट निघाली: फुटणारा नाही, तर धुमसणारा डबा. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातल्या बर्जर नावाच्या कॅप्टनने जस्ताच्या भुकटीवर आधारलेलं मिश्रण काढलं, तिथून पुढे हेक्साक्लोरोइथेनचं 'एचसी' आलं. अमेरिकनांचा एएन-एम ८ त्याचाच. तो फुटत नाही. दीड-दोन मिनिटं संथ धूर सोडत राहतो. तो धूर थंड आणि जमिनीला धरून. जर्मनांचा नेबेलहँडग्रॅनाटे ३९ पण याच कुळातला: दांड्याच्या नेहमीच्या हातबॉम्बसारखाच दिसायचा, ओळखायला पांढरा पट्टा.

पण 'धुराचा म्हणजे निरुपद्रवी' हे इथेही खरं नाही. एचसीच्या धुरात झिंक क्लोराइड असतं. उघड्यावर ठीक, पण बोगद्यात किंवा खोलीत तो श्वासावाटे गेला तर फुप्फुसं निकामी होतात, सरावातही माणसं दगावली आहेत. याच कारणाने अमेरिकनांनी पुढे टेरेफ्थॅलिक आम्लाचा एम ८३ आणला. धूर पातळ, पण सराव करणारा शाबूत. काकांच्या सिद्धांतात बसतं ना?

फॉस्फरसच्या जखमेबद्दल: कण कातडीत रुतले तर हवा मिळेल तोवर जळतात, म्हणून जखम ओली ठेवून झाकतात. कोरडी पडली की पुन्हा पेटते. पूर्वी मोरचुदाचं पाणी वापरायचे, त्याने कण काळे पडून दिसायचे. मग कळलं की तांबं रक्तात शिरून रक्तपेशी फोडतं, आणि ते बंद झालं.

पानगळ

बापरे. हे सगळं मला कुठल्याच पुस्तकात एकत्र मिळालं नव्हतं. दोघांचे आभार.

काका, माझा अर्धा प्रश्न राहिला. तो एएन-एम १४, जो माणसांवर टाकतच नाहीत? आणि ते लाल-जांभळे रंगीत धूर कशासाठी?

कोठारवाला

रसायनी, बसतं. तो एम ८३ माझा लाडका आहे, कारण त्याच्यावर कुणी खूश नाही. कोठारात खूश न करणारा माल सगळ्यात कमी त्रास देतो.

ताई, एएन-एम १४ म्हणजे थर्माइटचा डबा. नावातलं एएन म्हणजे आर्मी-नेव्ही, दोघांचा सामाईक माल. थर्माइट युद्धासाठी शोधलेलं नाही. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८९० च्या दशकात शुद्ध धातू मिळवण्याच्या खटाटोपात ते काढलं, १८९५ मध्ये पेटंट घेतलं, आणि १८९९ मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ त्याने सांधले. आजही रेल्वेचे रूळ सांधायला ते वापरतात. अ‍ॅल्युमिनियम लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिसकावतं आणि खाली उरतं वितळलेलं लोखंड. हवेचा ऑक्सिजन लागतच नाही, त्यामुळे पाण्यातही विझत नाही.

आता याने माणूस का मारत नाहीत? कारण तो उडत नाही, फुटत नाही. एम १४ पेटला की जागच्या जागी ४० सेकंद जळतो, तापमान २,२०० अंश सेल्सियसच्या घरात, आणि अर्धा इंच जाडीचा पोलादी पत्रा आरपार वितळवतो. पण ज्याला चालता येतं तो दोन पावलं बाजूला होतो. तोफेला चालता येत नाही. म्हणून हा वस्तूंचा शत्रू. वजन ९०० ग्रॅमच्या आसपास, जेमतेम २५ मीटर जातो, आणि खरं तर फेकायचाच नसतो. नेऊन ठेवायचा असतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ६ जून १९४४ चं, नॉर्मंडीच्या प्वांत द्यू ऑक इथलं. अमेरिकन रेंजर्स दोर लावून कडा चढले तर वर तोफांच्या जागी लाकडाचे ओंडके. खऱ्या १५५ मिलिमीटरच्या तोफा आतल्या बाजूला एका बागेत झाकून ठेवलेल्या. लिओनार्ड लोमेल आणि जॅक कून हे दोघं सार्जंट शोधत शोधत तिथे पोचले. लोमेलने थर्माइटचे हातबॉम्ब तोफ वळवायच्या यंत्रणेवर ठेवले, दातेरी चाकं वितळून एकमेकांत चिकटली. नेम धरायच्या दुर्बिणी बंदुकीच्या दस्त्याने फोडल्या. मग आणखी थर्माइट आणायला दोघं मागे गेले आणि परत येऊन उरलेल्या तोफांची वासलात लावली. हे सगळं चालू असताना जर्मन शिपाई जवळच्याच शेतात गोळा होत होते. तिथे स्फोट केला असता तर काय झालं असतं बघा. थर्माइट आवाज करत नाही, हा त्याचा मोठा गुण कुठल्या तक्त्यात छापलेला नसतो.

दुसरा उपयोग स्वतःच्याच सामानावर: माघार घेताना रेडिओ, सांकेतिक यंत्रं, सोडून जायच्या तोफा. म्हणून तुम्हाला माणसांवर टाकल्याचे उल्लेख सापडत नाहीत.

रंगीत धुराला लपवायचं काम नाही, बोलायचं काम आहे. अमेरिकनांचा एम १८ दुसऱ्या महायुद्धातला. लाल, पिवळा, हिरवा, जांभळा. पन्नास ते नव्वद सेकंद. आतला रंग जळू न देता त्याची वाफ करायची असते, ती बाहेर थंड होऊन ढग बनतो. त्यासाठी आग मुद्दाम मंद ठेवावी लागते, आणि ते बेटं अवघड. कोठारात जुने झालेले असे डबे सरावाला काढले की काही रंगाऐवजी नुसती काळपट धुरकांडी सोडायचे.

व्हिएतनाममध्ये याच एम १८ ने हेलिकॉप्टरना जागा दाखवायचे. पण पकडलेले किंवा चोरलेले डबे दुसऱ्या बाजूकडेही असायचे. जमिनीवरच्याने रेडिओवर 'पिवळा धूर सोडतोय' म्हटलं की ऐकणारा शत्रूही पिवळा सोडणार, आणि हेलिकॉप्टर चुकीच्या मोकळ्या रानात उतरणार. म्हणून रीत उलटी केली: जमिनीवरचा रंग सांगत नाही, फक्त धूर सोडल्याचं सांगतो. रंग वैमानिकाने बोलायचा. तो बरोबर निघाला तर खालून होकार. एका वाक्याची अदलाबदल. त्यासाठी नवा डबा बनवावा लागला नाही, एक पैसा लागला नाही.

वाराफिरला

धुराबद्दल एवढं झालं आणि वाऱ्याचं नाव नाही? स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सने १७०१ साली रीगाजवळ द्विना नदी ओलांडली ती ओला पेंढा जाळून. वारा पलीकडच्या सॅक्सन सैन्याकडे वाहत होता, धूर थेट त्यांच्या डोळ्यांत.

आणि २३ एप्रिल १९१८, बेल्जियममधलं झेब्रुगे. ब्रिटिश नौदलाने जर्मन पाणबुड्यांच्या बंदराचं तोंड बुजवायला हल्ला केला. धुराची सगळी व्यवस्था फ्रँक ब्रॉक यांची. ब्रॉक घराणं म्हणजे इंग्लंडमधलं आतषबाजीचं मोठं नाव. झेपेलिन, म्हणजे जर्मनांची हवाई जहाजं, पाडायची पेटती गोळीही यांचीच, म्हणजे आग आणि धूर दोन्हींत हात. धूर उत्तम धरला होता, व्हिंडिक्टिव्ह जहाज धक्क्यापाशी पोचता पोचता वारा फिरला. पडदा समुद्राकडे उडाला आणि जहाज उघड्यावर, जर्मन तोफांसमोर. ब्रॉक स्वतः त्या धक्क्यावर उतरले होते, तिथेच मारले गेले.

शंभरनंबरी

ठीक आहे, १९४३ मान्य. पण माझा मुद्दा अर्धा तरी खरा आहे. १९८० च्या कराराचा तिसरा प्रोटोकॉल, १९८३ पासून लागू. त्यात आग लावणारं शस्त्र म्हणजे जे मुख्यतः आग लावायला किंवा भाजायला घडवलंय ते. आणि धूर, प्रकाश, इशारा यांसाठीचा दारूगोळा, ज्याने ओघात आग लागू शकते, तो स्पष्ट शब्दांत वगळलाय. म्हणजे काकांच्या कोठारातली यादी तीस-चाळीस वर्षांनी कायदा झाली! धुराच्या नावाखाली नोंदवलेला फॉस्फरस त्यातून आयताच सुटला.

कोठारवाला

शंभरनंबरी, हे मात्र लाख मोलाचं बोललात. यादी आमच्या सोयीची होती. तिच्यावर माणसाचं रक्षण ठरवायचं असं ती बनवणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही नसेल. एक बारीक गोष्ट: तो प्रोटोकॉल मुख्यतः नागरिकांना वाचवण्यासाठी आहे. खंदकातल्या सैनिकावर आग टाकायला त्याने सरसकट बंदी घातलेली नाही. त्यामुळे पानगळताईंच्या पुस्तकातला तो खंदक आजही बऱ्याच अंशी तिथेच आहे. १९८२ मध्ये, करार झाल्यावर दोन वर्षांनी, अर्जेंटिनाशी झालेल्या युद्धात फॉकलंडच्या खंदकांवर ब्रिटिश सैनिकांनी फॉस्फरसचे हातबॉम्ब वापरलेच.

वाराफिरला, ब्रॉक यांचं मला माहीत नव्हतं. छान.

रसायनी

अवांतर, पण काकांच्या बांधातल्या बाटल्यांवरून आठवलं. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर, उसेडोम बेटावर, लोक वाळूत अंबर शोधतात. युद्धातल्या आगीच्या बॉम्बमधल्या फॉस्फरसचे गोळे समुद्रात पडले होते, ते अजून किनाऱ्याला लागतात. पिवळट, हुबेहूब अंबर. ओला असेपर्यंत थंड. खिशात टाकला, वाळला, अंगाची ऊब लागली की पेटतो. तिथे सांगतात की सापडलेलं अंबर खिशात नको, डब्यात ठेवा.

पानगळ

हे भयंकर आहे.

शेवटचा प्रश्न, मग थांबते. फिनलंडच्या पेट्रोल बाटल्या, मोलोटोव्ह कॉकटेल, यांना हातबॉम्ब म्हणायचं का? माझ्या यादीत त्या धरू की नको?

कोठारवाला

धरा. ती काही फक्त गल्लीतली जुगाड वस्तू नव्हती. १९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलियाच्या सीमेवरच्या खाल्खिन गोलच्या लढाईत जपानी पायदळाने सोव्हिएत रणगाड्यांवर पेट्रोलच्या बाटल्या वापरल्या, त्याआधी स्पेनच्या यादवीत दोन्ही बाजूंनी. पण कारखान्यात पेट्या भरून बनवल्या त्या फिन लोकांनी. १९३९-४० मध्ये सोव्हिएत सैन्याशी झालेल्या हिवाळी युद्धात आल्को या सरकारी मद्य कंपनीच्या राजामाकीच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त बाटल्या भरल्या गेल्या. चिंधीऐवजी बाटलीच्या बाजूला वाऱ्यात न विझणाऱ्या दोन मोठ्या काड्या बांधलेल्या. फेकण्याआधी त्या पेटवायच्या. म्हणजे साठवणीत तेल वेगळं, ठिणगी वेगळी. आणि १९४१ मध्ये जर्मन चालून आल्यावर सोव्हिएत सरकारने बाटल्यांचं उत्पादन सुरू करायचा हुकूम काढला, तेव्हा त्यात त्यांचं नाव काय लिहिलं माहितीये? रणगाडाविरोधी आग लावणारे हातबॉम्ब, आणि कंसात बाटल्या.